ययातीतला ढग

ॲन्सेल्मच्या घरात तसबिरींच्या ओळीत एक फोटो असा होता, की नवा माणूस हमखास विचारायचा, हे काय आहे? येशूचं पवित्र हृदय, वेलंकनी माता, ॲन्सेल्म आणि मार्थाचं लग्न, आणि त्यांच्या शेजारी हा. काळ्या कागदावर विखुरलेले पांढरे ठिपके आणि मधोमध, ओल्या अंगठ्याने पुसावा तसा, एक तांबूस डाग. डाग सगळीकडून सारखाही नव्हता. खालच्या उजव्या अंगाला दाट, बाकी विरळ. देवांच्या रांगेत डाग कशाला, अशी मार्थाने सुरुवातीला कुरकुर केली होती. पुढे ती त्याचीही धूळ पुसू लागली.

फोटो ॲन्सेल्मने स्वतः काढला होता, वसईतल्या पाचूबंदरच्या ह्याच घराच्या गच्चीवरून, २०१०च्या डिसेंबरात. विचारणाऱ्याला तो खुर्ची द्यायचा, कारण उत्तर लांब असायचं. १९०१ साली ययाती नावाच्या तारकासमूहात एक तारा एकाएकी भडकला. काही दिवस तो आकाशातल्या मोजक्या ठळक ताऱ्यांत जाऊन बसला, मग विझत विझत दिसेनासा झाला. अशा ताऱ्याला नवतारा म्हणतात, खरं तर तो नवा नसतो, म्हातारा असतो. शेजारच्या ताऱ्याचा वायू तो स्वतःकडे ओढत राहतो, वायू अंगावर साचतो, एके दिवशी पेट घेतो आणि वरचा थर बाहेर उडतो. तारा मागे राहतो. उडालेला थर मात्र थांबत नाही. "माझा आजा तेव्हा होडीवर होता," ॲन्सेल्म सांगायचा. "त्याने वर बघितलं असणारच. भडका त्याने बघितला, धूर मी बघतोय."

हे सांगताना तो एक गोष्ट गाळायचा. ती फक्त घरच्यांना ठाऊक होती. फोटो घेऊन तो मुंबईला हौशी आकाशनिरीक्षकांच्या बैठकीला गेला होता. तिथे एका गृहस्थाने फोटो हातात घेऊन, चष्मा वर करून, फार सभ्यपणे विचारलं होतं की दुर्बिणीचा आरसा घरी घासलेला आहे ना? मग हा आरशातला दोष असणार. वसईच्या उजेडातून तो ढग सापडत नसतो, आपल्याला जे हवं ते माणूस बघतो.

आरसा घरी घासलेला होता हे खरंच. स्वयंपाकघरात मार्थाच्या पाण्याच्या पिंपावर फळी, फळीवर काच, त्या काचेवर दुसरी काच, आणि मधे पावडर. एक अख्खा पावसाळा ॲन्सेल्म त्या पिंपाभोवती गोल गोल चालत काच घासत होता. हिंदूंना सात फेरे पुरतात, ह्याने माझ्या पिंपाशी सात हजार घेतले, असं मार्था येईल त्याला सांगायची.

बैठकीहून आल्यावर तो जेवला, हात धुतले आणि मुलीला, क्रिस्टिनाला, म्हणाला, "डाग वाढत नसतो. ढग वाढतो. आपल्या आरशाला फरक कळायला पंधरा वर्षं जाऊ द्यावी लागतील. पंधरा वर्षांनी ह्याच आरशातून दुसरा काढू. मग बोलू." क्रिस्टिना तेव्हा पंचवीस वर्षांची होती. पंधरा वर्षं हा शब्द तिला हसू येण्याइतका लांबचा वाटला होता.

पंधरावा डिसेंबर आला तेव्हा ॲन्सेल्मला जाऊन पाच महिने झाले होते. पावसाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं. शेवटच्या आठवड्यात, ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून, त्याने दोनच गोष्टींची चौकशी केली होती: मार्था जेवते का, आणि आरशाच्या डब्याला बुरशी लागू नये म्हणून ठेवलेल्या पुड्या बदलल्या का.

त्यानंतर घरात काहीच हललं नव्हतं. त्याचा चष्मा रेडिओवर होता तिथेच होता. सदरा खुंटीवर होता. मार्था रोज सगळ्याची धूळ पुसायची आणि प्रत्येक वस्तू तिच्या जागी ठेवायची. क्रिस्टिना वसईतल्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची. शोकावर लिहिलेली पुस्तकं तिने जुलैतच वाचून काढली होती आणि जागेवर ठेवून दिली होती. त्यांतल्या कशानेच काही झालं नव्हतं. दुसरा फोटो काढायचा, एवढंच एक काम तिला समोर दिसत होतं. दुर्बीण तिने आजवर स्वतः चालवली नव्हती, पण शेजारी लाल टॉर्च धरून ती इतकी वर्षं उभी राहिली होती की हातांना क्रम पाठ होता.

अडचण ताऱ्याची होती, पण खालच्या. दुखवट्याच्या वर्षी घरावर नाताळचा तारा लावत नाहीत, म्हणून ॲन्सेल्मचं घर अंधारात होतं. बाकीची आळी मात्र झगमगत होती, आणि क्रुसाजवळ, जुन्या होडीच्या डोलकाठीवर, आळीचा मोठा तारा चढला होता. आठ फुटी, दर दोन सेकंदांना रंग बदलणारा. संध्याकाळी ययाती जिथे वर येतो नेमका तिथे. त्याचा उजेड थेट नळीत शिरायचा.

तारा सेबेस्टियनच्या ताब्यात होता. सेबेस्टियन म्हणजे होडीचा नाखवा आणि ॲन्सेल्मचा शाळेपासूनचा मित्र. क्रिस्टिना गेली तेव्हा तो पडवीत जाळं शिवत बसला होता. तिने विचारलं की रोज संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेपासून जेवणापर्यंत, दहा-बारा दिवस, तारा बंद ठेवता येईल का.

"तुजा बापूस दरवर्षी भांडायचा," सेबेस्टियन जाळ्यातून मान न उचलता म्हणाला. "बोलायचा, सेबेस्टियन, तुझा तारा खोटा. मी बोलायचो, खोटा तर खोटा, पन माझा दिसतो तरी. तुझ्याला बघायचा तर शिडी चढून डोळा फोडायला लागतो."

"यंदा भांडायला मी आलेय, अंकल."

"मग भांड ना नीट. एवढ्या हळू आवाजात कोन भांडतं?" त्याने सुई जाळ्यात खोचून ठेवली. म्हणाला, "पोरांना काय सांगू? एका ढगासाठी तारा बंद, असं बोललो तर मलाच होडीत घालून सोडून देतील."

त्याने पोरांना काय सांगितलं हे क्रिस्टिनाला दुसऱ्या संध्याकाळी कळलं. ती गच्चीवर दुर्बिणीचं झाकण काढत असताना डोलकाठीवरचा तारा विझला. हे ठरलेलं होतं. मग समोरच्या घरावरचा विझला. मग त्याच्या पलीकडचा. बोंबील वाळवायच्या बांबूंच्या रांगेपलीकडे दिसणारे सुद्धा, एकामागून एक, खाडीपर्यंत. दारांतून नुसता आतल्या दिव्यांचा पिवळा उजेड येत राहिला. सेबेस्टियनने पोरांना सांगितलं होतं की ॲन्सेल्मच्या दुखवट्यासाठी आळीचा तारा रोज रोझरीपासून जेवणापर्यंत बंद राहील. बाकीच्या घरांना कोणी सांगायला गेलं नव्हतं.

क्रिस्टिना कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग तिने दुर्बीण ययातीकडे वळवली, कारण मिळालेला अंधार वाया घालवणं बरं नव्हतं.

अकरा संध्याकाळी तिने फोटो घेतले. एकेक फोटो पाच मिनिटांचा, हायड्रोजनचा लाल उजेड तेवढा आत सोडणाऱ्या काचेतून. दोन संध्याकाळी खाडीवरून धुकं आलं, एकदा दवाने आरसा आंधळा झाला आणि मार्थाचा केस वाळवायचा ड्रायर वर न्यावा लागला. मार्था स्वतः वर येत नव्हती. पावसाळ्यापासून ती गच्चीची पायरी चढली नव्हती. जिन्याच्या तळाशी उभी राहून चहाचा थर्मास दोरीला बांधून द्यायची.

नाताळ शांतपणे गेला. ह्या घरात काही तळायचं नव्हतं, त्यामुळे शेजाऱ्यांनी करंज्यांसारख्या नेवऱ्या इतक्या पाठवल्या की त्या क्रिस्टिनाने कॉलेजात वाटल्या. रात्री जेवणं झाल्यावर ती संगणकावर सगळे फोटो एकावर एक रचायची. हळूहळू काळ्यातून ठिपके स्थिर झाले, आणि त्यांच्या मधोमध तांबूस काहीतरी उमटलं. खालच्या उजव्या अंगाला दाट. बाकी विरळ.

तपासायचं कसं हे तिला विचारावं लागलं नाही. ॲन्सेल्मने वालीवच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती, आणि लहानपणी मे महिन्यात तो तिला कधीकधी सोबत न्यायचा. तिथे एक यंत्र होतं. आत सुटा भाग ठेवायचा, त्यावर उजेड टाकायचा, की त्याची मोठी केलेली सावली समोरच्या गोल काचेवर पडायची. काचेवर आधीच ड्रॉइंगची पारदर्शक शीट लावलेली असायची. सावलीची कड शीटवरच्या रेघेवर बसली की भाग पास. नाही बसली तर लाल ट्रेमध्ये. सावली सरकवत सरकवत कड रेघेवर आणण्याचा तो क्षण तिला तेव्हा फार आवडायचा.

आता तिने दोन्ही फोटो पारदर्शक शीटवर छापून घ्यायचं ठरवलं. पप्पांचा जुना कॅमेरा वेगळा, आत्ताचा वेगळा, त्यामुळे दोन्ही फोटोंची मापं वेगळी होती. एक दुसऱ्याच्या मापाला आणावा लागणार होता. पारनाक्याजवळच्या झेरॉक्सवाल्या हार्दिकला तिने सांगितलं की दोन्ही ढग एकाच मापाचे दिसले पाहिजेत, तसं कमीजास्त कर. हार्दिकने मान वाकडी करून, जीभ ओठांत धरून, बराच वेळ ते काम केलं. "मॅडम, एकदम परफेक्ट मॅच," तो म्हणाला.

सकाळी खिडकीच्या काचेवर तिने एक शीट चिकटवली आणि दुसरी तिच्यावर धरली. सरकवत सरकवत जागेवर आणली. ढग ढगावर बसला. दाट भाग दाट भागावर, विरळ विरळावर, कडेचा लहानसा फाटा सुद्धा फाट्यावर. ताऱ्यांचं तेवढं जमलं नव्हतं. प्रत्येक ठिपक्याशेजारी एक जोडीदार दिसत होता, मधल्यांचे जवळ, कडेच्यांचे लांब. कॅमेरेच वेगळे, तेव्हा कडेला इतका फरक पडणारच, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग ती तिथेच खुर्चीवर बसली. ढग तसूभरही वाढला नव्हता. पंधरा वर्षांत जो वाढत नाही तो ढग नसतो. चष्मा वर करून बोलणाऱ्या त्या गृहस्थाचं बरोबर होतं. डाग आरशात होता, तेव्हाही आणि आत्ताही, आणि पप्पा पंधरा वर्षं त्याच्यासाठी खुर्ची देत आले होते.

मार्था मागून आली. पदराने हात पुसून तिने काचेवरच्या ढगाला बोट लावलं.

"अगदी तस्साच आहे गं," ती म्हणाली. "तुझ्या पप्पांनी ठेवला तसाच राहिला. बरं झालं." एवढ्या महिन्यांत तिचा आवाज इतका हलका क्रिस्टिनाने ऐकला नव्हता. म्हणून तिने शीट काढल्या नाहीत.

पुढचे तीन-चार दिवस शीट खिडकीवरच होत्या. मार्था येता-जाता त्यांच्याकडे बघायची. क्रिस्टिना बघत नव्हती. बैठकीतल्या लोकांना काही कळवायची गरज नाही, आईलाही सांगायची गरज नाही, भिंतीवरचा फोटो भिंतीवर राहील, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. सगळं आहे तसं ठेवण्यात ह्या घराचा हात आता चांगलाच बसला होता.

एका सकाळी चहा पिताना ऊन त्या काचेवर आलं आणि तिची नजर ढगावर न जाता ताऱ्यांच्या जोड्यांवर गेली. जोड्या वेड्यावाकड्या नव्हत्या. प्रत्येक जोडीतला पप्पांचा तारा बाहेर होता आणि तिचा आत. चारी बाजूंना. जसं काही पंधरा वर्षांत सगळं आकाश ढगाच्या दिशेने गोळा होऊन आत आलं होतं. कॅमेऱ्याचा दोष इतका शिस्तीत वागेल का? आकाश तर आत येणार नाही. तारे एवढ्यात हलत नाहीत. पप्पांच्या सगळ्या हिशेबाचा पाया तोच होता.

कप हातात तसाच राहिला. वालीवचं ते यंत्र तिच्या समोर आलं. त्या वेळी ती नऊ-दहा वर्षांची असेल. घासून झिजलेला एक भाग तिने इतका सरकवला होता, यंत्राची भिंगं बदलून सावली इतकी लहानमोठी केली होती, की शेवटी त्याची कड ड्रॉइंगच्या रेघेवर अचूक बसली, आणि ती अभिमानाने पास म्हणाली. पप्पांनी तिचे हात बाजूला केले नव्हते. त्यांनी फक्त त्या भागाच्या दोन टोकांना असलेली बारीक भोकं दाखवली होती. त्या भोकांत पिना बसतात, त्यामुळे ती झिजत नाहीत.

"आधी भोकं जुळव," ते म्हणाले होते. "कड जुळवायला जाऊ नकोस. कड काय करते, तेच तर आपल्याला बघायचंय."

ती उठली आणि त्याच कपड्यांवर पारनाक्याला गेली. हार्दिक नुकतं शटर वर करत होता. तिने त्याला सांगितलं की ढगाकडे बघूच नकोस. हे सहा तारे घे, हे त्या सहा ताऱ्यांवर बसव, मग ढगाचं काय व्हायचं ते होऊ दे. हार्दिक म्हणाला की मग ढग मॅच होणार नाही, मॅडम, नंतर मला बोलू नका. तिने सांगितलं, नाही बोलणार.

ती परत आली तोवर आभाळ भरून आलं होतं, आणि खिडकीत धरायला उजेड नव्हता. दिवसही नाताळ संपवणाऱ्या तीन राजांच्या सणानंतरचा होता. आळीत शिड्या लागल्या होत्या, घराघरांवरचे तारे उतरत होते. डोलकाठीवरच्या मोठ्या ताऱ्याखाली उभा राहून सेबेस्टियन कोणालातरी वायर कशी गुंडाळायची ते ओरडून सांगत होता.

दिव्यासमोर शीट धराव्या तर दिव्याचा गोळाच डोळ्यांत जात होता. क्रिस्टिना घरभर पांढरं, सपाट, उजळ असं काही शोधत फिरली. मार्था तिच्याकडे बघत राहिली. मग तिने माळ्याला शिडी लावली आणि वरून जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं उतरवलं. ॲन्सेल्मचा तारा. बाकीच्यांचे पतंगी कागदाचे असायचे, ह्याचा कारखान्यातल्या ट्रेसिंग पेपरचा होता, दुधासारखा पांढरा. दरवर्षी तो घरावर चढायचा. ह्या वर्षी तो माळ्यावर होता.

"मम्मी, दुखवटा आहे," क्रिस्टिना म्हणाली.

"लावतेय कुठे? वापरतेय." मार्थाने तो टेबलावर आडवा ठेवला, आतला बल्ब पिळून बसवला आणि बटण दाबलं.

क्रिस्टिनाने ताऱ्याच्या पोटावर पप्पांची शीट ठेवली, तिच्यावर स्वतःची. आधी मधला ठिपका. मग कडेचे सहा. ह्या वेळी सरकवावं लागलं नाही. सगळे तारे एकेकटे झाले, जोडीदार नाहीसे झाले. आणि ढग दोन झाले. आत पप्पांचा. त्याच्याबाहेर, सगळ्या बाजूंनी, तिचा. मधे तांदळाच्या दाण्याएवढी जागा. दाट भाग बाहेर सरकला होता, कडेचा फाटा फाट्याच्या पुढे गेला होता, आणि जो जितका मध्यापासून लांब तो तितका जास्त गेला होता. आरशातल्या डागाला असं जमलं नसतं.

ती बराच वेळ वाकून बघत होती. मार्थाने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिला कळलं की आपले डोळे भरलेत आणि शीटवर पाणी पडायला नको.

"म्हणजे तो तसा राहिला नाही," मार्था म्हणाली.

"नाही. बाहेर गेलाय. पप्पा बरोबर होते. पहिल्यांदा जुळवताना मीच चुकले होते. मला तो तसाच हवा होता."

मार्थाने वाकून पाहिलं. आतला ढग, बाहेरचा ढग. "अजून जातोय?"

"जातोय. रोज."

"आणि तारा?"

"तो जागेवर आहे."

मार्था बसली. रेडिओवरच्या चष्म्याकडे तिने एकदा पाहिलं, मग टेबलावरच्या उजेडाकडे. खिडकीबाहेर सेबेस्टियन थांबला होता, त्याने आत उजळलेला तारा बघितला होता. सगळ्यांचे उतरले आणि तुमचा आता चढला काय, असं त्याने विचारलं, पण आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. क्रिस्टिनाने त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि ढग दाखवला. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला की आता ॲन्सेल्मशी भांडायची सोय राहिली नाही, हा दिसतो. मग विचारलं, पुढचा फोटो कधी.

"पंधरा वर्षांनी काढला तर नीट फरक दिसेल," क्रिस्टिना म्हणाली. "पण आरशाला खारी हवा लागतेय. मधे त्याच्यावर नवा चकाकीचा थर चढवायला लागेल."

"तेव्हा माझं पिंप मागायचं नाही," मार्था म्हणाली, आणि सेबेस्टियन हसला.

दुसऱ्या दिवशी क्रिस्टिनाने आपला फोटो पप्पांच्याच मापाच्या चौकटीत घालून आणला. भिंतीवर त्याला जागा नव्हती. ती नुसती चौकट धरून उभी राहिली, तेव्हा मार्थाने हातोडी आणली. स्वतःच्या लग्नाचा फोटो तिने काढून घेतला, वीतभर डावीकडे नवा खिळा ठोकला आणि त्यावर टांगला. मधे रिकाम्या झालेल्या जागेकडे बोट करून ती म्हणाली, "दे इकडे."

चौकट लावून झाल्यावर तिने ती सरळ आहे का ते लांबून पाहिलं, हात झटकले आणि गच्चीवर आरसा झाकला आहे ना, ते बघायला जिना चढून गेली.